पेटीमास्तरांचा डावा हात

प्रार्थना संपली तरी आमच्या शाळेत कोणी जागचं हलत नसे. शेवटची ओळ व्हायची, पोरांचे आवाज थांबायचे आणि पेटीचा सा तेवढा मागं उरायचा. पेटीमास्तर त्या पट्टीवरून बोट काढत नसत. भात्यात राहिलेली हवा हळूहळू सरायची, सूर बारीक होत जायचा, डासाच्या गुणगुणण्याएवढा व्हायचा आणि मग विझायचा. त्यानंतर मास्तर बोट उचलत, आणि मगच रांगा वर्गाकडं वळत. पहिला तास गणिताचा असे. गणिताचे सर खडू हातात घेऊन उन्हात उभे राहत आणि रोज चिडत. एकदा त्यांनी विचारलंच, की गाणं संपल्यावर हे शेपूट कशाला. मास्तर म्हणाले, "हवा हाय तवर बोट उचलू न्हाई सर. समोरच्याचं बोलणं मधीच तोडल्यावानी होतंय."

आमचं गाव ताडकळसपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. बाजार ताडकळसला, रेल्वे पूर्णेला, आणि साहेबलोकांची कामं परभणीला. हायस्कूल मात्र गावातच होतं. पत्र्याच्या खोल्या, पुढं ओसरी, आणि ओसरीत लाकडी खोक्यावर ती पेटी. मास्तर जातीनं गुरव. त्यांचे वडील आणि भाऊ मारुतीच्या देवळात सनई वाजवत, संबळ वाजवत. मास्तरांचा डावा हात लहानपणच्या तापात वाळला होता. कोपरापासून खाली तो नुसता लोंबकळायचा. सनईला दोन्ही हात लागतात, संबळालाही लागतात. तेव्हा वडिलांनी त्यांना परभणीच्या एका उस्तादांकडं पेटी शिकायला ठेवलं. एका हातानं होईल असं वडिलांना वाटलं असावं. पेटीलाही दुसरा हात लागतोच, भाता मारायला, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळं मास्तरांना जन्मभर दुसऱ्या कोणाचा तरी हात लागला. घरी त्यांची बायको भाता मारायची. शाळेत चार वर्षं तो हात माझा होता. मधल्या एका वर्षाचं मात्र वेगळं सांगावं लागेल.

माझी निवड त्यांनी कशी केली ते सांगते. मी सहावीत होते. भाता मारणारा मोठा मुलगा मॅट्रिक होऊन गेला होता. मास्तरांनी कोणाचा आवाज ऐकला नाही, कोणाला सारेगम म्हणायला लावलं नाही. वर्गातल्या एकेकाला म्हणाले, "जा, दार लावून ये." कोणी दार आपटलं, कोणी लाथेनं ढकललं, कोणी लावून परत उघडं राहिलं म्हणून धक्का दिला. मी लावलं तेव्हा आवाज झाला नाही. आमच्या घरात धाकटा भाऊ पाळण्यात असायचा आणि आई शेतावरून येऊन जरा टेकलेली असायची, म्हणून दार कसं लावायचं ते मला घरीच शिकावं लागलं होतं. मास्तर म्हणाले, "ही बसंल." मी बौद्ध वस्तीतली आहे हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. त्यावर तेव्हा कोणी काही बोललं नाही.

भाता मारणं म्हणजे पंखा हलवणं नव्हे. ओळ जिथं श्वास घेते तिथं भात्यानं दम धरायचा असतो, ओळ वर चढते तिथं हवा आधीच भरून ठेवायची असते. मी घाई केली की मास्तर उस्तादांकडून आणलेला शब्द काढत. "आहिस्ता, सुमे, आहिस्ता. पेटी कुठं पळून चालली न्हाई." मी त्यांच्या समोर, पेटीच्या पलीकडच्या बाजूला बसायची. त्यांचं बोट कुठं जातं ते मला रोज दिसायचं, पण उलटं. त्यांचा खालचा सा माझ्या उजव्या अंगाला आणि वरचा सा माझ्या डाव्या अंगाला. मी तसंच पाठ केलं. त्यात काही चुकतंय हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलं नाही.

मास्तरांना मी कधी ताजंतवानं बघितलं नाही. आले की आधी बसत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "जरा दम घेऊ." दमणारच. पहाटे उठून एका हातानं बेल तोडायचा, घरोघर वाटायचा, देवळात झाडलोट करायची, मग शाळा. नोकरी अर्धवेळ आणि काम अख्खा दिवस. टकळीवरचं सूत त्यांनीच शिकवायचं, कवायत त्यांनीच घ्यायची, पाहुणे आले की हारतुरे त्यांनीच आणायचे. संगीताचा तास सगळ्यात शेवटी. तोवर आमचीही डोकी पत्र्याखाली शिजून निघालेली असत. अशा तासाला मास्तर कधी जोरात गायला लावत नसत. "दमलेल्या माणसाला मोठ्यानं म्हणता येत न्हाई, पण खरं म्हणता येतं," असं एकदा म्हणाले, आणि लगेच जांभई दिली.

त्या पेटीची एक गोष्ट सांगायची राहिली. ती नुसती शाळेची नव्हती, गावाची होती. वर्षभर शाळेत असायची आणि श्रावणात सप्ताह लागला की मारुतीच्या देवळात जायची. तिथं भजनकऱ्यांतला कोणी भाता मारायचा आणि मास्तर वाजवायचे. सप्ताह उठला की पेटी परत ओसरीत, परत माझ्यासमोर. वर्षभर तिला कोणाचा हात लागतो हे देवळात कोणी विचारत नसे. न विचारण्यात सगळ्यांचीच सोय होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात ती सोय संपली. मी तेव्हा नववीत होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात घरं जळाली नाहीत, हे खरं. पण किराणा बंद झाला, शेतावरचं काम बंद झालं, विहिरीवर बायका गेल्या की माणसं उठून उभी राहू लागली. बाजूच्या गावांतून ऐकू यायचं ते इथं लिहीत नाही. माझे मामा पूर्णेला रेल्वेत खलाशी होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही सगळे जाऊन पडलो.

तिथं एका दुपारी मास्तर दारात उभे राहिले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. ओट्यावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि आईला म्हणाले, "बाई, पाणी द्या." आईनं बाबांकडं पाहिलं. मग तांब्या भरून दिला. मास्तरांनी तो एका दमात रिकामा केला, पुढं धरला आणि म्हणाले, "आणिक द्या."

बाबांनी विचारलं, "गाव शांत झालं का मास्तर?"

"शांत न्हाई झालं. दमलंय. दमलेलं गाव चार दिस कुणाच्या वाटंला जात न्हाई. तेवढ्यात या."

बाबा म्हणाले की आम्ही येऊ, घर सोडून किती दिवस राहणार. पण सुमनला आता शाळेत पाठवणार नाही. ती इथंच मामीच्या हाताखाली राहील, आणि पुढच्या उन्हाळ्यात बघू. बघू म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना कळत होतं. मी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि बघायला माणसं यायला लागतील इतकी उंच झाले होते.

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. तेव्हा बाबाच पुन्हा म्हणाले, "मास्तर, तुमचा मान हाय. पण मला सांगा, आता तिला पेटीपाशी बसू देतील का? जिथून माझ्या पोरीला उठवतील तिथं ती पुन्हा पाय ठेवणार न्हाई. मग ती शाळा असो."

मास्तरांनी बराच वेळ डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तिच्या जाग्यावर कुणी बसणार न्हाई. एवढं माझ्याकडं लागलं. तुमी तिला पाठवा."

बाबांनी मला पाठवलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय त्या ओट्यावर झाला आणि त्यात मला कोणी काही विचारलं नाही. तेव्हाची रीत तशी होती.

मी शाळेत गेले तर ओसरीत पेटीपाशी बबन बसलेला. हा संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. अध्यक्षांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. आण्णा वाईट बोलणारे नव्हते. मास्तरांना बोलावून ते नीट समजावून बोलले होते, असं शाळेच्या शिपायानं मला सांगितलं. पोरीवर आमचा राग नाही, गाणं म्हणू द्या तिला रांगेत उभं राहून, पण पेटीला हात नको, पेटी सप्त्यात मारुतीपुढं जाते, गावात आधीच ताण आहे, तुम्ही समजून घ्या. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि हो-नाही काही म्हटलं नव्हतं.

बबन पोरगा सरळ होता. मला बघून तो अर्धा उठलासुद्धा. मास्तर म्हणाले, "बस. मार भाता." त्यानं मोट हाकावी तसा भाता हाणला. पेटी किंचाळली. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी पट्टीवरचं बोट उचललं, पेटी बंद केली, तिच्यावर फडकं टाकलं आणि हेडमास्तरांना म्हणाले, "पेटी बिघडली."

त्या दिवशी प्रार्थना पेटीशिवाय झाली. दुसऱ्या दिवशीही. मास्तर स्वतःच्या घोगऱ्या गळ्यातून सा द्यायचे, आम्ही उचलायचो. शेवटचा सा ते स्वतःच्या दमावर धरून ठेवायचे, आणि गणिताचे सर आता काही म्हणेनासे झाले. सप्ताहाच्या आधी आण्णांनी पेटी एसटीच्या टपावर टाकून परभणीला दुरुस्तीला पाठवली. दुरुस्तीवाल्यानं पुसून परत पाठवली, यात काही बिघाड नाही म्हणून. तेव्हा आण्णा स्वतः शाळेत आले. आमचा वर्ग ओसरीलगत होता, त्यामुळं पुढचं मी कानानं ऐकलेलं आणि डोळ्यानं बघितलेलं आहे.

मास्तरांनी फडकं काढलं. एकटे पेटीपाशी बसले आणि उजव्या हातानं एकेक पट्टी दाबत गेले, खालपासून वरपर्यंत. लाकडाची टकटक तेवढी झाली.

"बघा आण्णा. वाजत न्हाई."

"आवो मास्तर, भाता मारल्याबिगर कशी वाजंल?"

"तेच म्हणायलोय मी."

आण्णा म्हणाले, "बबन मारंल की."

"बबननं मारला की बिघडती."

वर्गात कोणी तरी फिसकन हसलं आणि गणिताच्या सरांनी त्याच्या डोक्यात टपली मारली.  आण्णा हळू आवाजात म्हणाले, "दुसरा मास्तर बघावा लागंल मग."

"बघा," मास्तर म्हणाले. "मलाबी जरा आराम भेटंल."

आण्णांनी दुसरा मास्तर बघितला नाही. अर्ध्या पगारात पूर्ण दिवस राबणारा माणूस त्यांना पंचक्रोशीत मिळाला नसता, हे त्यांना माहीत होतं. सप्ताहाला ताडकळसहून दुसरी पेटी आली, वाजवणाराही तिकडूनच आला. मास्तर देवळात गेले ते मागच्या खांबाला टेकून बसले आणि भजन चालू असताना झोपले. गावात त्यावर पुष्कळ बोललं गेलं. गुरव असून गावाशी अडून बसला म्हणाले. बेल घ्यायला काही घरांनी दार उघडलं नाही, तेव्हा ते उंबऱ्यावर बेल ठेवून पुढं जायचे. त्यांच्या भावानं बोलणं टाकलं. मी एकदा धीर करून विचारलं, "मास्तर, पेटी खरंच बिघडली का?" तर म्हणाले, "तुला काय करायचंय? गणित झालं का तुझं?"

बाबा मला रोज विचारायचे, तुझ्या जागेवर कोणी बसलं का. मी सांगायची, नाही, जागा रिकामी आहे. बाबा मान हलवायचे. त्या रिकाम्या जागेवर माझी शाळा चालू राहिली. मी नववी झाले, दहावीत गेले. बघायला येणाऱ्यांना बाबांनी एकदा, मग पुन्हा एकदा सांगितलं की पोरीची परीक्षा आहे.

लोक म्हणतात माणसांची मनं बदलतात. बदलत असतील. आमच्या गावात मला ते दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की माणसं कंटाळतात. भांडायला, धरून ठेवायला, अडवायला फार ताकद लागते आणि ती कधीतरी संपते. मास्तर आधीपासूनच दमलेले होते, म्हणून त्यांना दमवणं कोणाला जमलं नाही.

दहावीच्या वर्षी जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी शाळा बघायला येणार असं ठरलं. शाळेला अनुदान वाढवून हवं होतं. स्वागतगीत पाहिजे, आणि पेटीशिवाय स्वागतगीत म्हणजे अध्यक्षांची शोभा. आण्णा ओसरीत आले. यंदाचा सप्ताहही ताडकळसच्या पेटीवर झाला होता आणि आता देवळात दर वर्षी तीच आणायची असं ठरून गेलं होतं. आण्णांचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मास्तरांना म्हणाले, "बसवा तिलाच. ही कटकट मिटवा एकदाची."

मास्तरांनी फडकं काढलं. धूळ झटकली. मला म्हणाले, "ये." इतकंच. मी पलीकडच्या बाजूला बसले आणि भाता उघडला. पहिल्यांदा नुसता वारा आला, मग सूर आला. पोरांनी विचारलं, मास्तर, पेटी दुरुस्त झाली? "झाली वाटायलं," मास्तर म्हणाले.

ठरल्या दिवशी साहेब आले, स्वागतगीत झालं. शेवटची ओळ संपली आणि आण्णा हार घेऊन पुढं झाले. पण सा चालू होता. साहेब नमस्काराला हात जोडून अर्धे उठले आणि तसेच थांबले. आण्णा हार घेऊन उभे. मास्तरांनी माझ्याकडं बघून मान हलवली नाही की डोळा मिचकावला नाही. मी भाता मारायचं थांबवलं होतं. आत होती तेवढी हवा सावकाश संपली. मग मास्तरांनी बोट उचललं, आणि मग आण्णांनी हार घातला.

मी मॅट्रिक झाले आणि परभणीला कॉलेजात गेले. आमच्या घरातली, आमच्या वस्तीतलीही, कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मी. हे मी आजही कोणी न विचारता सांगते. तिथं गॅदरिंगला कोणाला पेटी येते असं विचारलं तेव्हा मी हात वर केला. बसले, आणि बोटं भलतीकडंच जायला लागली. वर जायचं तिथं खाली, खाली यायचं तिथं वर. पोरी हसायला लागल्या. मी उठले, पेटीच्या पलीकडं जाऊन बसले, एका हातानं भाता मारला आणि वरून वाकून दुसऱ्या हातानं गाणं पुरं वाजवलं. हसणं थांबलं. सुट्टीत मास्तरांना हे सांगितलं, तर ते खोकला लागेपर्यंत हसले. त्यांना असं हसताना मी तेवढं एकदाच बघितलं. मग डोळे पुसत म्हणाले, "चुकलंच माझं. एखाद्या दिवशी तुला इकडून बसवायला पाहिजे होतं."

मी बी.ए. झाले, बी.एड. केलं, शिक्षिका झाले. पहिली नेमणूक येलदरीकडं. माझ्या पदवीवर विद्यापीठाचं जुनं नाव आहे. धाकटा भाऊ, तोच पाळण्यातला, त्याच्या पदवीवर नवं. या दोन कागदांच्या मध्ये आमच्या लोकांची सोळा वर्षं गेली. मोर्चे, तुरुंग, आणि परत न आलेली माणसं.

नाव लागलं त्या थंडीत मी गावी गेले होते. मास्तरांकडं गेले. ते निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते आणि आता बाजेवरून उठत नव्हते. शाळेत नवी पेटी आल्यावर जुनी त्यांना देऊन टाकली होती. ती बाजेशेजारी होती, तेच फडकं टाकलेली. त्यांची बायको वारली होती. तेव्हा पेटी वाजत नसणार, हे मला विचारावं लागलं नाही.

"झालं का नाव?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "झालं. बदललं नाही, जुन्याला जोडलं."

"जोडलं तर जोडलं." थोडा वेळ श्वास घेत राहिले. "लय दमवलं."

मी फडकं काढलं आणि पेटी बाजेला टेकवली, पट्ट्या त्यांच्याकडं, भाता माझ्याकडं. त्यांचा उजवा हात उचलून पट्टीवर ठेवावा लागला. गाणं वाजवण्याचं बळ त्या हातात नव्हतं. त्यांनी सा तेवढा दाबून धरला. मी पलीकडून वाकून, उलट्याच बाजूनं, आमच्या शाळेची प्रार्थना वाजवली आणि दुसऱ्या हातानं भाता मारत राहिले. जुना भाता कुठं तरी फाटला होता, हवा टिकत नव्हती. मी हळू मारला. मध्येच त्यांचे ओठ हलले. आहिस्ता म्हणाले असतील.

शेवटची ओळ झाल्यावर मी थांबले. त्यांचं बोट सा वर होतं. सूर बारीक होत गेला आणि विझला. मी वाट बघितली. बोट उचललं गेलं नाही. मास्तरांना झोप लागली होती, तोंड जरा उघडं, छाती खालीवर होत असलेली.

ते बोट मी काढलं नाही. पेटी तशीच टेकलेली ठेवून उठले, दाराशी आले, आणि दार लावून घेतलं. आवाज झाला नाही.

पंधरवड्यानं निरोप आला. त्यानंतर मी पुष्कळ शाळांत शिकवलं, पुष्कळ प्रार्थना ऐकल्या. शेवटची ओळ झाली की मुलं पळतात. मी मात्र अजून थोडा वेळ तिथंच उभी राहते.